मांय, मशीन भरून लावलीय

मांय, काल सकाळी बाबल मेस्त्री येऊन गेला आणि तुझं बिंग फुटलं. माझं तुझ्यासमोर कधीच फुटलेलं होतं, हेही कालच कळलं. म्हणून आज दुपारची जेवणं आटपल्यावर तुझी भांडी धुवायची मशीन भरली, बटण फिरवलं आणि तिच्यासमोर तुझ्या बुटक्या स्टुलावर वही घेऊन बसलेय. एका फेरीला दीड तास लागतो. तेवढ्यात जमेल तितकं लिहिते. तू इथे असतीस तर मला दुसऱ्याच वाक्याला अडवून "आधी जाळी बघून ये गो" म्हणून उठवलं असतंस. बुडाची जाळी बघितली आहे. माशाचा एक काटासुद्धा नाही.

तुला जाऊन आज नववा दिवस. सातव्या दिवसाच्या मिसाला फादर तुझ्याबद्दल चांगलं बोलले. कष्टाळू होती, नवरा गेल्यावर एकटीने बहरीनला जाऊन मुलाला, माझ्या पास्कूला, वाढवलं, इगर्जीच्या फेस्ताला दरवर्षी वेदीसाठी फुलं दिली. सगळं खरं आहे. पण मशीनचा शब्दही निघाला नाही, आणि मशीन वगळून तुझी गोष्ट सांगायची म्हणजे बांगडा सोडून तिरफळाचं कौतुक करण्यासारखं झालं. मी पुढच्या बाकावर बसून मनात तुझी राहिलेली गोष्ट पूर्ण करत होते.

बहरीनमध्ये तू एकाच घरात वीस वर्षं राबलीस. पहिली आठ वर्षं त्या घरची भांडी तुझ्या हातांनी निघाली, मग तिथे ही मशीन आली. परत यायच्या वेळी मालकिणीने विचारलं की आठवण म्हणून काय देऊ, तर तू स्वयंपाकघरातल्या या मोहरीच्या रंगाच्या धुडाकडे बोट दाखवलंस. त्यांना तशीही नवी घ्यायचीच होती. जुनी मशीन लाकडी खोक्यात बसून जहाजाने मुंबईला आली आणि तिथून ट्रकने आपल्या वाडीत. उतरवायला सहा माणसं लागली. सगळ्यांना वाटलं मांयने फ्रीज आणला. तू दार उघडून दाखवलंस तेव्हा शेजारच्या शालनवैनी आत डोकावून म्हणाल्या होत्या, "ह्या कसला कपाट गो? आत नुसते खिळेच खिळे." ती आली त्यानंतर तीन वर्षांनी मी आले. म्हणून वाडीत आजही तिला मोठी सून म्हणतात आणि मला धाकटी.

मी दोडामार्गकडची. आमच्या घरी काजूच्या बागेतून आलं की विहिरीजवळ राख आणि नारळाच्या सोडणाचा काथ्या घेऊन बसायचं, एवढंच भांड्यांचं शास्त्र मला ठाऊक होतं. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी चांगलं दिसावं म्हणून मी खरकट्या भांड्यांचा ढीग उचलून मागच्या नळाकडे निघाले, तर तू माझं मनगट धरलंस. "माज्या घरात सुनेन भांडी घासूची नाय. माजे हात गेले तितके पुरे." मला वाटलं, सासूचं नवेपणाचं नाटक. आठवड्याने काथ्या हातात येईलच. फोनवर आईला सांगितलं तर तीही म्हणाली, "पयल्या म्हयन्याक सगळ्यो सासवो बऱ्यो." मांय, तुझा तो पहिला महिना बावीस वर्षं चालला.

त्या पहिल्या आठवड्यात मी आईने दिलेला जर्मनचा टोप मशीनमध्ये घातला. मशीनमध्ये ॲल्युमिनियम घालायचं नाही हे मला कोणी सांगितलं नव्हतं, आणि विचारायची मला लाज वाटत होती. टोप आत गेला तेव्हा चांदीसारखा होता, बाहेर आला तो काळाठिक्कर. माहेरची पहिली वस्तू मी आठ दिवसांत घालवली म्हणून दाराआड रडत बसले. तू मूठभर आमसुलं टाकून त्या टोपात पाणी उकळलंस, आणि मग फडक्याने सगळी दुपार तो टोप चोळत बसलीस. काळेपणा हळूहळू सुटत गेला. तेव्हा मी तुझे तळहात पहिल्यांदा नीट पाहिले. बोटांची टोकं कांद्याच्या पापुद्र्यासारखी पातळ, रेषा अशा नाहीतच, नुसत्या भेगा. माझं लक्ष गेलेलं तू पाहिलंस. "आठ वर्सां सोड्याच्या पाण्यात हात. आता खंयच्याय हापिसात माजो अंगठो उठणा नाय," असं म्हणालीस, पेजेत मीठ कमी आहे असं सांगावं इतक्या सहज. पुढे रेशनच्या दुकानातल्या मशीननेही तुझा अंगठा कधी घेतला नाही. तिथून परतताना दर वेळी तुझं एकच वाक्य असायचं, "ती मशीन माका वळखणा नाय. घरची वळखता."

खरंच ओळखायची. मी अनेक घरांत अनेक बायकांना भांडी लावताना पाहिलंय, पण तुझ्यासारखी भांडी लावणारी पाहिली नाही. खालच्या जाळीत ताटं, सगळ्यांची तोंडं मधल्या पाणी उडवणाऱ्या फिरकीकडे, दोन ताटांत एक बोट अंतर. वरच्या जाळीत पेले आणि वाट्या पालथ्या, पण जराशा कलत्या, नाहीतर बुडाच्या खोलगटात पाणी साठतं. चमच्याच्या कुशीला चमचा निजवायचा नाही, नाहीतर एकाची पाठ खरकटीच राहते. टोप कोपऱ्यात, कढई त्याच्यासमोर तिरकी. सगळं लावून झालं की एका बोटाने फिरकी फिरवून बघायची आणि कुठे अडली नाही तरच दार लावायचं. फिरकीच्या भोकांत काटा गेलाच तर खराट्याची हीर घेऊन तू तो असा काढायचीस की कान टोचणाऱ्या सोनाराने बघत राहावं. आपल्या विहिरीचं पाणी जड म्हणून मशीनच्या बुडाशी खडेमीठ घालावं लागे, त्यावरून सगळी वाडी हसायची. शालनवैनी म्हणायच्या, "मोठी सून खारट, धाकटी तिखट. मांयचा जेवाण बरा जमला."

बिघडायची तीही कमी नाही. खाऱ्या वाऱ्याने बूड गंजलं तेव्हा तू तिला चार चिऱ्यांवर उभी केलीस. दाराची कडी तुटली, तर मासेमारीच्या जाळ्याच्या दोरीने असा फास घातलास की आजही पाणी गळत नाही. जाळीच्या खिळ्यांचं आवरण निघून गंज ताटांना लागायला लागला, तर रबरी नळीचे तुकडे कापून एकेका खिळ्याला टोपी घातलीस. आणि जे तुझ्याच्याने होत नसे त्याला कुडाळहून बाबल मेस्त्री. तो मिक्सर आणि पाण्याचे पंप दुरुस्त करणारा माणूस. पहिल्यांदा आला तेव्हा त्याने ही जात कधी पाहिलीच नव्हती. तू त्याच्या शेजारी बसून, बहरीनच्या मेकॅनिकला करताना पाहिलेलं आठवून, कुठला स्क्रू आधी काढायचा ते सांगितलंस. त्या दिवसापासून तो तुला गुरू मानायचा आणि तू त्याला प्रत्येक वेळी उशीर केला म्हणून झाडायचीस.

आपला वाद मात्र शेवटपर्यंत मिटला नाही. माझं म्हणणं होतं की हळद आणि माशाचं तेल लागलेली ताटं आधी विसळून मगच आत घालावीत. तुझं म्हणणं, खरकटं निपटून काढ पण पाणी लावू नकोस. "धुवन घालतंस तर ती कित्याक आसा? सोड्याक खावक कायतरी होया." मी तोंडाने हो म्हणायचे आणि तुझी पाठ वळली की विसळायचे. तू बुडाची जाळी काढून बघायचीस आणि ती एवढी स्वच्छ कशी म्हणून माझ्याकडे नुसती बघायचीस. बावीस वर्षांत या एका गोष्टीवरून आपण जितकं बोललो तितकं पास्कूच्या नोकरीवरून किंवा या घराच्या कौलांवरूनही बोललो नसू.

आणि तो फेसाचा दिवस. मशीनची पावडर संपली होती. तेव्हा ती पणजीहून कोणी आणली तर मिळायची. तू इगर्जीत गेली होतीस. मी हुशारी करून हातांनी भांडी घासायचं लिक्विड वाटीभर ओतलं. दहा मिनिटांत दाराच्या फटीतून फेस निघाला, चुलीपर्यंत गेला, उंबरा ओलांडून अंगणात उतरला, आणि आपल्या कोंबड्या त्यात गळ्यापर्यंत उभ्या. तू परत आलीस, बघितलंस, विचारलंस, "कितक्या घातलंस?" मी म्हणाले वाटीभर. तू पायरीवर बसलीस आणि पोट धरून हसलीस. मग उठून दोन मुठी खडेमीठ आणि माडाचं व्हिनेगर टाकून फेस बसवलास. कोंबड्या दोन दिवस पांढऱ्याशुभ्र होत्या. तू मला त्यावरून कधी टोचून बोलली नाहीस, फक्त माझ्या माहेरचं माणूस आलं की पहिली तीच गोष्ट सांगायचीस.

आत्ता बटण टक करून एक घर पुढे सरकलं. पहिलं पाणी गेलं, दुसरं भरतंय.

तीन वर्षांपूर्वी तुझे डोळे गेले, काचबिंदूने. उजेड आणि अंधार एवढंच उरलं. भांडी लावायचं काम माझ्याकडे आलं आणि तू या स्टुलावर. मला वाटलं, आता तरी सासूची नजर चुकेल. पण तुझी नजर कानात जाऊन बसली होती. मशीन सुरू झाली की मान कलती करून ऐकायचीस आणि म्हणायचीस, "वरच्या जाळयेत पेलो आडवो पडलो. उजवे कुशीक." दार उघडून बघितलं तर पेला आडवा, उजव्याच बाजूला. फेरी संपली की उठून मशीनच्या डोक्यावर दोन्ही तळहात ठेवायचीस. गरम पत्र्याने बोटं मोकळी होतात म्हणायचीस. दिवसाचं ते तुझं शेकणं.

आता मी जे केलं ते सांगते, जरी तुला माहीत असलं तरी. तुला माझ्या तोंडून कधी ऐकायला मिळालं नाही.

गेल्या पावसाळ्यानंतर एका दुपारी मशीनचं दार उघडलं तर वाफ आलीच नाही. ताटं थंड आणि माशाच्या तेलाने चिकट. तू आत झोपली होतीस. दुसऱ्या दिवशी तू कोणाचा तरी हात धरून फेस्ताच्या तयारीला इगर्जीत गेलीस तेव्हा बाबलला बोलावलं. तो म्हणाला, पाणी तापवायची कॉइल जळली, आणि या जातीची कॉइल आता कुठे मिळत नाही. मी त्याला सांगितलं, मांयला कळू देऊ नका. कारण एकच. काही वर्षांपूर्वी मोटर गेली होती तेव्हा मशीन दोन दिवस बंद होती, आणि मी शेजारी गेलेली असताना तू मागच्या नळाखाली बसून सगळी भांडी घासून टाकली होतीस. मी आले तेव्हा तुझ्या तळहातांच्या भेगांतून रक्त येत होतं आणि तू म्हणत होतीस, "सुनेक शबूद दिलंय." तेव्हा तुला दिसत तरी होतं. आता तुला कळलं असतं तर तू चाचपडत नळाकडे गेली असतीस. तुला आवरायची माझी ताकद नव्हती. पास्कूची पण नव्हती.

म्हणून मी मशीन रिकामी फिरवायला लागले. जेवणं झाली की दार आपटायचं, बटण फिरवायचं आणि भांड्यांची टोपली घेऊन गपचूप शालनवैनींच्या नळावर जायचं, म्हणजे घासण्याचा आवाज तुझ्यापर्यंत येणार नाही. माझ्या माहेरचा काथ्या शेवटी माझ्या हातात आलाच. एक अडचण होती, तुझं शेकणं. थंड पत्रा तुझ्या हाताला लगेच कळला असता. मग संध्याकाळच्या पेजेचा टोप मी दुपारीच करून मशीनच्या डोक्यावर ठेवायला लागले. तू उठायच्या आधी टोप उचलायचा, फडकं मारायचं, पत्रा गरम. मला माझ्या डोक्याचं फार कौतुक वाटलं. एकदा तू तळहात ठेवून म्हणालीस, "मशीनीक आज पेजेचो वास कसो येता गो?" मी म्हणाले, टोप आत घातला होता ना. तू म्हणालीस, "जर्मनचो?" मी म्हणाले, नाही, स्टीलचा. तू मान हलवलीस आणि शेकत राहिलीस.

पास्कू गोव्याहून शनिवारी घरी यायचा आणि मला दर शनिवारी सांगायचा की तिला सांगून टाक, ती एवढी कच्ची नाही. मी म्हणायचे, नाताळ होऊ दे. नाताळ झाला. मग म्हणाले, तिचा खोकला बरा होऊ दे. खोकला बरा झालाच नाही.

आणि तेल. माझं चुकलं ते इथे. त्याच दिवसांत कधीतरी सुरू झालं ते. संध्याकाळचा तेर्स म्हणून झाला, जपमाळ डबीत गेली की तू खोबरेलाची बाटली घेऊन हातांना तेल लावायला बसायचीस. रोज तुझ्या तळहातावर तेल जास्त पडायचं. "जास्त पडला गो. तुजे हात हाड." मी हात पुढे करायचे आणि तू ते तेल माझ्या हातांना चोळायचीस, बोटांच्या बेचक्यांत, नखांच्या कडांना, सावकाश. मला वाटायचं, दिसत नाही म्हणून बाटली जास्त कलते. एकदा तर मी पास्कूला सांगितलं, लहान तोंडाची बाटली आण, मांय तेल फार सांडते. त्याने आणली. लहान तोंडाच्या बाटलीतूनही तेल जास्तच पडायचं. तरीही माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

तू गेलीस ती सकाळी, चहा झाल्यावर, कोणाला काही करायला न लावता. तुझ्या हातांत जपमाळ गुंडाळायचं काम बायकांनी मला दिलं. तुझे तळहात मऊ होते. एवढंच मला त्या दिवसातलं आठवतं.

सातव्या दिवशी मिसानंतर सगळी वाडी जेवायला होती. ताटांचा डोंगर झाला आणि रीतीप्रमाणे बायका पदर खोचून आपल्या मागच्या नळावर बसल्या. बावीस वर्षांत त्या नळाखाली एवढ्या बायका मी पाहिल्या नव्हत्या. मला ते बघवेना. कोणीतरी विचारलं, मशीन लावत नाहीस का? मी म्हणाले, बंद आहे. शालनवैनी तेव्हा माझ्याकडे न बघता ताट घासत राहिल्या. का ते आता कळतं.

काल सकाळी बाबल आला. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली कॉइल, खांद्याला हत्यारांची पिशवी. तुझ्या फोटोसमोर उभा राहिला, छातीवर कुरीस केला नाही कारण तो आपल्यातला नाही, पण हात जोडले आणि बराच वेळ जोडून ठेवले. मग म्हणाला, "तयार होवन आठ दिवस झाले. पण सातव्या दिसाचा मिस होयपर्यंत हत्यारां घेवन येवचा बरा दिसाक नाय."

मी म्हणाले, मी तर तुम्हाला कॉइल सांगितलीच नव्हती. तुम्हीच म्हणालात मिळत नाही.

"तुमी नाय. मांयन सांगल्यान." त्याने पिशवी खाली ठेवली. "नाताळाच्या आधी फोन इलो. म्हणाली, बाबल, सून माजी रिकामी मशीन फिरवता आणि भांडी शालनाकडे नेवन घासता. वर पेजेचो टोप ठेवन माका फसयता. मिळणा नाय तर तू कर. कॉइल कर."

मी विचारलं, तिला कसं कळलं?

"मी पण ताच इचारलंय. म्हणाली, भरलेल्ये मशीनीत ताटां बोलतत. रिकामी नुसती खळखळता." तो कॉइलीवरचा कागद सोडू लागला. "मी म्हटलंय, मगे सुनेक सांगा मा. तर म्हणाली, नको. माका कळला तर मी नळार बसतलंय, ह्या तिका भय आसा. आणि मी बसतलंयच. म्हणान माका कळाक नाय, असाच रवांदे."

त्याने पहिली कॉइल वाइंड केली ती जळली, दुसरी बसली नाही, तिसरी एमआयडीसीतल्या ओळखीच्या माणसाकडून बनवून घेतली. तू दर आठवड्याला फोन करून त्याला झाडत होतीस. नंबर लावून द्यायच्या शालनवैनी. म्हणजे दुपारी त्या मला आपला नळ द्यायच्या आणि सकाळी तुला आपला फोन. दोन्ही गुपितं त्यांनी पोटात ठेवली. काल संध्याकाळी मी त्यांना जाब विचारला तर म्हणाल्या, "माका दोगांनीय शपथ घातलास. मी काय करू?" आणि रडायला लागल्या. मग मीही.

बाबल जाताना म्हणाला, "माका उशीर झालो." तुला सांगायचं होतं ते मला सांगून गेला. तू असतीस तर झाडलं असतंस, आणि मग चहा दिला असतास. चहा मी दिला.

मांय, काल मला तुझा राग आला. सगळं माहीत असून चार महिने तू मला तो पेजेचा टोप चढवायला आणि उतरवायला लावलास. पत्र्यावर हात ठेवून रोज खोटं शेकलीस. पण राग तासभरही टिकला नाही, कारण खोटं शेकणारी तू आणि खोटं फिरवणारी मी, दोघी हातांचीच काळजी करत होतो, फक्त ते हात तुझेच असं मी धरून चालले होते. ते माझेही होते हे मला कळायला कुडाळहून मेस्त्री यावा लागला. तू रोज संध्याकाळी माझी बोटं चाचपून, कुठे साल निघाली, कुठे भेग पडली ते बघत होतीस. तेल जास्त पडत नव्हतं. तू एका थेंबाचीही नासाडी न करणारी बाई, तुझ्या हातून तेल सांडेल हे मी मानलंच कसं?

देव बरें करूं, मांय. हे तुला बावीस वर्षांत एकदाही म्हणाले नाही. घरच्या माणसाचे आभार कोण मानतं, असं वाटायचं.

आता शेवटचं पाणी जातंय. मी डोळे मिटून ऐकलं. तू म्हणायचीस ते खरं आहे, ताटं बोलतात. हळू, एकमेकींना लागून, एखादा पेला मध्येच. चार महिने मी हिला रिकामी फिरवली आणि मला हा फरक एकदाही ऐकू आला नाही. आज वरच्या जाळीत काहीतरी आडवं पडल्यासारखं वाटलं. उजव्या कुशीला नाही, डाव्या. बघू.

उघडलं. वाफ आली, चष्मा भरून गेला. पेला खरंच आडवा पडला होता, पण उजव्याच कुशीला. तुझे कान यायला मला अजून बरीच वर्षं लागतील. एक गोष्ट सांगायची राहिली. आज मी तुझं ऐकलं आणि ताटं विसळली नाहीत. सगळी लख्ख निघाली, फक्त पास्कूच्या ताटाच्या काठाला भाताचं एक शीत चिकटून राहिलं होतं. तेव्हा आपला वाद अजून चालू आहे, एवढं लक्षात ठेव. दार अर्धं उघडं ठेवून दोन्ही तळहात वरच्या पत्र्यावर ठेवले. आज त्याला पेजेचा वास नव्हता.

हे शेवटचं संध्याकाळी लिहितेय. तेर्स झाला. तुझी जपमाळ मी धरली, तेर्स पास्कूने म्हटला. मग खोबरेलाची बाटली घेतली आणि तळहातावर कलती केली. रोज दोघींना पुरायचं तेवढंच ओतलं गेलं, हातांची जोडी मात्र एकच होती. जास्त पडलं, मांय. पास्कूला म्हटलं, तुझे हात दे.